पाव सेकंद

पाव सेकंदाहून लांब शांतता
म्हणजे विराम.
माझ्या प्रबंधात, तिसऱ्या प्रकरणात, तसं ठरलंय.

अमळनेरच्या कॉलेजात
उन्हाळ्यातही पंखा बंद करून
बावीस वर्षं मी पोरांच्या
अडखळण्याची लांबी मोजतेय.

'कॅन यू स्पीक इंग्लिश?'
बेटावदची चेतना बोरसे म्हणाली, 'येस.'
मग दोन पूर्णांक एक सेकंद
नुसती कूलरची घरघर, शेजारच्या वर्गातली.
मग, 'पन लवकर नई येस.'

पहिला 'येस' मी इंग्रजीत मोजला होता.
रात्री हेडफोन लावून चारदा ऐकला,
खोडला, पुन्हा लिहिला.
तक्त्यात अहिराणीला रकाना नाही.

तेवढ्यात धरणगावहून मावशी, फोनवर:
'तुले आते आपली बोली येस का वं?'

येस, म्हटलं
जरा वेळाने.
रेकॉर्डर बंद होता.