पेटी

मुंगीकाकांची पेटी म्हणजे हार्मोनियम.
माझी पेटी म्हणजे कंटेनर.
एवढं समजावण्यात लोकमान्य नगरातली
अर्धी संध्याकाळ गेली, आणि पोह्यांची एक बशी.

त्यांना वेबसाइट हवी : कुणाची पेटी कधी आली,
कुठला सूर बसला होता, भात्याला कुठे भोक,
पैसे दिले, की नुसतंच 'देतो' म्हणाले.
जुनी साइट कुणा भाच्यानं केलेली,
दहा वर्षांपूर्वीच्या पीएचपीत.
माझ्या लॅपटॉपला ती बोली आता कळत नाही.

म्हणून एक पेटी केली, तिच्यात जुनं पीएचपी,
दुसरीत डेटाबेस, दोघींमध्ये बारीकशी वाट
आणि बाहेर एकच खिडकी : आठ हजार ऐंशी.
सगळं एका फाइलीत मांडलं, बावीस ओळी,
एक स्पेस इकडची तिकडे झाली की रुसणाऱ्या.

विजयनगरातून पलाशचा फोन :
"भिया, मेरे यहाँ तो नी चल रिया."
माझ्याकडे तर चालतंय, मी म्हटलं.
आमच्या धंद्यात हे वाक्य शिवीत जमा.
मग त्या बावीस ओळी त्याला धाडल्या.
चार मिनिटं काहीबाही उतरत राहिलं, थरावर थर,
आणि त्याच्या खोलीत माझी खोली उघडली.

शुक्रवारी रात्री डिस्क भरली म्हणून
पेट्या पाडल्या. सवयीनं,
शेवटी एक छोटा व्ही लावून.
दोनशे चौदा नोंदी. आठवड्याचं टायपिंग.
एका अक्षरात.
पेटी क्षणात परत उभी राहिली, कोरी करकरीत,
आत कधी कुणी आलंच नसल्यासारखी.

सकाळी काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत.
म्हणजे, जरा रागावले. मग वही काढली.
"लिही. टोकेकर बाई, काळी एकची पेटी,
उंदरानं भाता खाल्लेला. पैसे आले.
लिही. मल्हारगंजचे गुप्ताजी,
मंद्रातला कोमल निषाद मुका. देतो म्हणाले."
एकशे दहाव्या नोंदीपाशी चष्मा काढून म्हणाले,
"पॉलिश करायच्या आधी मी सूर काढून घेतो रे,
कागदात गुंडाळून वेगळे ठेवतो.
लाकडाचं काय, लाकूड दुसरं मिळतं.
तू सुरांसकट खरवडलंस."

तेच मग तेविसाव्या ओळीत लिहिलं :
डेटा पेटीबाहेर, माझ्या डिस्कवरच्या फोल्डरात.
फोल्डराचं नाव 'सूर'.
पलाश विचारतो, "ये सुर क्या है भिया?"
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल काकांनी स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं.
"हे आता सगळ्या इंदूरला दिसतंय?"
नाही, म्हटलं, फक्त या टेबलावर.
"मग गुप्ताजींची बाकी राहू दे दिसत," म्हणाले,
आणि भाता मिटावा तसं, हलक्या हातानं
लॅपटॉपचं झाकण मिटायला लागले.
मी ओरडलो.
आत अजून काहीतरी चालू होतं.