नसलेलं टेबल

ओउलूत नोव्हेंबरमध्ये दुपारी तीनलाच दिवे लागतात
आणि आम्ही सातला सुरू करतो,
सायकल दुरुस्तीच्या दुकानाखालच्या तळघरात.
आज अकरा माणसं.
त्यातला एक नुसता ऊब घ्यायला आलाय,
कोट काढत नाही.

आमच्याकडे संहिता नाही, पडदा नाही.
चार खुर्च्या आहेत, त्यातली एक डुगडुगते,
आणि एक नियम :
समोरचा म्हणेल त्याला हो म्हणायचं
आणि त्यावर आपलं काहीतरी ठेवायचं.
लोक नाक मुरडून ज्याला री ओढणं म्हणतात
तेवढीच आमची कला.
इंकेरी म्हणाली बाहेर पूर आलाय, की आला.
माझे मोजेसुद्धा भिजले.

दिवसा इंकेरी लोकांचे दात काढते.
सम्पो अजून शिकतोय; काय, ते दर महिन्याला बदलतं.
मी टपाल वाटते.
रेइयो बर्फ लोटणारी गाडी चालवतो,
पहाटे तीनला उठतो,
आणि शुक्रवारी इथे येऊन राणी होतो, न्हावी होतो,
एकदा तर अख्खा पूल झाला होता, आम्ही त्याच्यावरून गेलो.
(घरी मी "नाही, पण"वाली बाई आहे.
नवऱ्याला विचारा.)

"एक शब्द द्या," इंकेरी म्हणाली.
इथली माणसं शब्द सहजासहजी सोडत नाहीत.
बराच वेळ हीटर तेवढा बोलत होता.
मग कोटवाला म्हणाला, "वजनकाटा."

सम्पोनं हवेतून टेबल आणलं.
जड असावं, ठेवताना त्याला धाप लागली.
त्यावर मी काटा मांडला, काट्यावर मासा.
मी कोळीण, रेइयो गिऱ्हाईक,
आणि मासा दर खेपेला थोडा हलका भरत होता
कारण त्याला समुद्राची आठवण येत होती.
बरं चाललं होतं. नऊजण हसले.

तेव्हा रेइयो टेबलावर रेलला आणि म्हणाला,
"आउने, तू इतकी बारीक कधी झालीस?"

तीन मिनिटांपूर्वी त्यानंच मला किर्स्ती म्हटलं होतं.
अशी चूक झेलायची असते,
जमिनीला लागू द्यायची नाही.
"हो," मी म्हणाले, "आणि तू उशिरा आलास."
"रस्ता बंद होता."
केवढे हसले लोक!
गावातले सगळे रस्ते तोच तर उघडतो.

"किती उशीर झाला?"
हे मी नाही, त्यानंच विचारलं.
आणि मला काहीतरी म्हणायचं होतं,
डोक्यात मात्र नुसते घरांचे नंबर,
चौदा, सोळा, अठरा, पुढे कुत्रा आहे.
"काटा बघ," मी म्हणाले.

त्यानं बघितला.
वाकून, चष्मा सावरून, इतका वेळ बघितला
की मलाही काटा हलताना दिसला.
हात टेबलाच्या कडेवर तसेच,
बोटभरही खाली नाहीत.
कुणी हसलं नाही.
कोटवाल्यानं वरचं एक बटण सोडलं.

सम्पो बावीस वर्षांचा आहे, शांततेला घाबरतो.
तो सील होऊन पोटावर सरपटत आला,
भुंकला, मासा पळवला,
आणि इंकेरीनं दिवा घालवला.

नंतर पैसे मोजले. सत्तेचाळीस युरो.
आउने कोण ते कुणी विचारलं नाही,
रेइयोनं सांगितलं नाही.
बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो एवढंच म्हणाला,
"सील चांगला होता."

मग दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन
तो दाराकडे निघाला,
टेबलाला वळसा घालून.
त्याच्यामागून इंकेरी, वळसा घालून.
मीसुद्धा अंग चोरून; तिथे कोपरा लागतो.
सम्पो मोबाइल बघत सरळ मधून गेला.

"अरे," रेइयो मागे न बघता ओरडला,
"काटा!"