पठाराखालची वाट

पोल्ट्रीच्या मागनं वळायचं,
मग फोनची रेंज जाते, मग डांबर.
रात्री तीनला पोचलो:
दिलावर मिस्त्री, मी, दोन टायर,
उद्यमनगरातनं उसना आणलेला जनरेटर,
आणि गोधडीत गुंडाळलेला ड्राइव्ह शाफ्ट.

आता अकरा. जांभा तापलाय.
रेस वर, मसाई पठारावर.
आम्हाला दिसते ती फक्त धूळ,
लाल, एकीकडं उठून दुसरीकडं बसणारी.

शेळ्या थांबवून म्हातारी विचारते,
"कुणाची वाट बघताय रं?"
"गाडीची."
"एस्टी हिकडनं येत न्हाई."

मिस्त्री तंबाखू मळायचा थांबतो.
"आली. मागचं डावं बेरिंग रडतंय."
मला अजून नुसता वारा.

शिवांजली येते. काच आंधळी.
खिडकीतनं एक हात: पाणी.
मिस्त्री चाकाशी बसलेला,
ती मान हलवते, नको,
आणि गिअर पडतो.

आठ तास थांबलो. चाळीस सेकंद.

धूळ बसेस्तोवर तो पाना धरून उभा.
मग म्हणाला, "चल, ती घाटानं,
आपण ओढ्यातनं. आधी पोचायचंय.
बेरिंगला सांगितलंय मी,
सांजंपतोर कळ काढ."