बावीस मीटर सूत

पहिल्या दिवशी बोद्दुल सरांनी
गाडी सुरूच करू दिली नाही.
नेहरूनगरच्या मैदानामागचा रस्ता, सकाळचे सहा.
खिशातून त्यांनी सुताची कांडी काढली,
एक टोक बंपरला बांधलं
आणि पावलं मोजत चालत सुटले.
मला वाटलं, मुहूर्ताचं काही असेल.
लिंबू तर मी पर्समध्ये आणलंच होतं.

लांबून ओरडले, "इथपर्यंत!
चाळीसच्या वेगात दोन सेकंद मोबाइल बघितला ना, बाई,
तर इथपर्यंत तुम्ही आंधळ्या."

बावीस मीटर.
दिसेल न दिसेल असं ते सूत,
त्याच्या कडेकडेनं मी चालले.
एक कोंबडी, मागे चार पिल्लं.
तयार विड्यांच्या टोपल्या घेऊन
कारखान्याकडे निघालेल्या दोघीजणी.
बुटाची नाडी बांधायला मधेच बसलेला मुलगा,
दप्तर पाठीवरून डोक्यावर आलेलं.
सांडलेलं पाणी. एक चप्पल, एकटीच.
एवढं सगळं मावतं
'कुठे आहेस' वाचण्यात.
'येतेय' लिहायला
आणखी एक कांडी लागेल.

सर आधी पूर्व भागात यंत्रमागावर होते,
चादरीच्या, सोळा वर्षं.
सांगायचे, तिथं एक धागा तुटला
की माग आपण होऊन थांबतो.
शहाणं यंत्र.
गाठ मारा, पुढे चला.
फार तर मोराची चोच वाकडी येईल,
चादर सेकंडच्या मालात जाईल.
रस्त्याला सेकंडचा माल नसतो.

क्लच, मग गिअर, मग आरसा.
आरशाला ते फार मानत.
घरी सगळे हसले, चाळिशी ओलांडल्यावर हे काय खूळ.
भाचा म्हणाला, मावशी, एजंट ओळखीचा आहे,
आठ दिवसांत लायसन हातात,
शिकायचं काय त्यात, हात आपोआप बसतो.
हात बसतो खरा.
डोळे कुठं बसतात?

पंधराव्या दिवशी, विजापूर रोडवर,
एका दुकानातल्या इरकली साडीवर नजर गेली.
एवढीच. एवढीशी.
आणि गाडी गचकन थांबली.
त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो,
विसरलेच होते.
"कुठं बघलालाव, बाई?"
रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.
"हा माझ्याकडचा ब्रेक
लायसनबरोबर मिळत नाही."

स्कूलसमोर पंक्चर काढतो तो इरण्णा,
डावा पाय गुडघ्यात वाकत नाही त्याचा.
सकाळचा पहिला चहा
सर स्वतः नेऊन देतात त्याला,
पोऱ्याच्या हाती कधी पाठवत नाहीत.
मी काही विचारलं नव्हतं.
एकदा हवा भरता भरता तोच बोलला,
"तवा यांला घरनं फोन आलता.
टमाटे आणा म्हणून. एवढंच."
मग काट्याकडे बघून म्हणाला,
"पुढच्या चाकात कमी हाय."

आता एकटीच चालवते.
परवा होटगी रोडला, भर दुपारी,
पुढे उसाचा ट्रॅक्टर,
मागे लोंबणाऱ्या वाढ्यांना लाल फडकंसुद्धा नाही.
पर्समध्ये फोन थरथरला.
पुन्हा. पुन्हा.
काहीतरी वाईटच, असं पोट म्हणालं.
डोळे म्हणाले, ट्रॅक्टर.
पोटाचं ऐकायला
पुढच्या कडुलिंबापर्यंत वेळ लागला.
गाडी पूर्ण बाजूला, हँडब्रेक वर,
मग फोन.
"आई, किती वेळ गं!" अक्षता.
"येताना चहापत्ती आण, संपलीये."

हसले. रागावलेही.
खाली उतरून बंपरकडे बघितलं, उगाचच,
अजून अडकलेलं असेल कुठे
म्हणून
ते सूत.