अंदाजे

निफाडचा पारा सहावर आलेला.
चापडगावच्या फाटकापाशी आम्ही चौदा जण:
सिडकोतल्या एका शाळेची नऊ पोरं, त्यांचे दोन शिक्षक,
एक नवं जोडपं
आणि मी.

कौसल्या पिंपळे, वय बावीस,
वडील इथेच जाळं टाकायचे.
तिने आधी माझा लाल स्वेटर पाहिला,
मग स्वतःची मातकट शाल काढून माझ्या अंगावर टाकली.
"काका, लांबून ट्रॅक्टर वाटाल पाखरांना."

मग नियम.
बोट दाखवायचं नाही. ओरडायचं नाही.
"ती वाळकी बाभूळ म्हणजे घड्याळाचा मध्य,
शेंडा बारा.
आता बघा तीनच्या काट्यावर, पाण्यालगत,
शेकाट्या. लाल काड्यांवर उभा."
एका पोराने विचारलं,
डिजिटल घड्याळ असेल तर?

ओझरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मी फिटर.
विमानाच्या पंखांना रिव्हेट मारायचो.
भोंग्यावर आत, भोंग्यावर बाहेर.
तीनच्या काट्यावर कुणी नुसतं उभं असतं
हे साठीनंतर कळतंय.

"आता डोळे मिटा. दोन मिनिटं.
ऐकू येईल त्या प्रत्येक आवाजाला एक बोट."
पोरांची सात झाली, नऊ झाली,
एकीला तर बोटं पुरेनात.
मला एकच आवाज,
रिव्हेटगनने कानात ठेवून दिलेली बारीक शिट्टी,
जी निजलो तरी विझत नाही.
मी चार बोटं वर केली.
थाप.

तिने पाहिलं असावं. बोलली काहीच नाही.
पुढच्या मनोऱ्यावर मात्र
वही माझ्या हातात दिली आणि पेन्सिल.
"चांदवे तुम्ही मोजा."

चांदवे म्हणजे काळे, कपाळावर पांढरा ठिपका,
जलपर्णीच्या कडेने पाणी दिसू नये इतके.
"एकेक नाही मोजायचं, काका.
आधी दहा मोजा. त्या दहाचं ठिगळ डोळ्यात धरा.
मग तेच ठिगळ पाण्यावर ठेवत जायचं,
शेजारी शेजारी."

हे मला येतं.
दारातून नजर टाकून सांगायचो,
चौथ्या ओळीत एक भोक रिकामं आहे.
पण पंखावरचे रिव्हेट जागा सोडून पोहायला जात नाहीत.
तरी चारशेपर्यंत आलो.
पाचव्या शंभराच्या मध्यावर
दलदल भोवत्या खालून, अगदी खालून आला
आणि सगळं पाणीच उठलं.

"गेला हिशेब," मी म्हणालो.
"बसतील. पुन्हा धरा ठिगळ.
नाहीतर लिहा, अंदाजे."

अंदाजे!
आमच्या शॉपमध्ये हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.
केसभर फरक पडला तर पत्रा परत,
वर तीन सह्यांचा कागद.
घरीही तेच.
सुमतीला विचारायचो, मीठ किती घातलंस?
म्हणायची, हाताला कळतं.
मी हसायचो.
दोन वर्षं झाली, स्वयंपाक आता माझ्याकडे आहे.
चमचा सपाट करून मोजतो मी मीठ,
आणि रोज कुठेतरी चुकतंच.

चांदवे बसले. पहिल्या जागी नाही, भलतीकडे.
मी ठिगळं ठेवत गेलो, घाई न करता,
आणि लिहिलं: सहाशे.
पेन्सिल थोडी थांबली.
मग पुढे: अंदाजे.
शेजारचा पोरगा म्हणाला, मला सहाशे चार वाटले.
कौसल्याने दोन्ही आकडे ठेवले.

परत निघालो तेव्हा
पोरं एकदम माना वर करून थांबली.
ती थांबली म्हणून मीही वर पाहिलं.
पट्टकादंब. तोंडं उघडी.
ओरडत असणार.
इतक्या खालून की पिसांच्या फटी दिसाव्यात.
एक जोड कुठे सापडेना मला त्या पंखांत.
रांग मात्र वाकडी होती,
एक जण तर पार मागे राहिलेला.

चालेल.