जूनचा हिशेब

हिशेब नेहमी जूनचा धरायचा.
जानेवारीत इथे रात्री नऊलाही उजेड रेंगाळतो,
तेव्हा कुणीही शहाणा ठरतो.
जूनमध्ये चिलोएच्या या बेटांवर
दिवसभराचं सगळं ऊन गोळा करून घडी घातली
तर जेमतेम सव्वा तास भरतं.
बाकी आभाळ ओल्या लोकरीसारखं
छपरावर वाळत घातलेलं, न वाळणारं.

वही उघडली.
दोन्या एर्सिरांनी चुलीत ओंडका सारला,
म्हणाल्या, लिही.

स्वयंपाकघर: सहा वॉट, पाच तास. तीस.
गोठा: चार वॉट, अर्धा तास. दोन.
आणि मेंढी रात्रीची अडली तर?
तर इथला विझवीन, म्हणाल्या, विणकाम थांबेल.
निजायची खोली: तीन वॉट, एक तास.
तिथे कशाला, आर्तेमिओ म्हातारा कोपऱ्यातून बोलला,
चाळीस वर्षं अंधारातच सापडलीय ती मला.
बाई हसल्या नाहीत. मी तीन लिहिले.

ढगांचे दिवस पाच धरतो, म्हणालो.
पाच? म्हाताऱ्यानं पाइप काढला तोंडातून.
उत्तरेचा वारा एकदा घरात बसला
की जेवल्याशिवाय उठत नाही. सात धर.
सात धरले.

मग बॅटरीपाशी नेहमीसारखा अडलो.
बॅटरी अर्धीच वापरायची, बाई.
अर्धी रोज शिल्लक.
आणि ती अर्धी खायची कधी?
कधीच नाही.
एवढं बोलून मी आकृती काढायला घेतली,
वीस वर्षं हीच काढतोय, कुणाला पटत नाही.
त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं.
खाली जांभळे, वाकडे, डोळे फुटलेले बटाटे.
बेणं, म्हणाल्या.
भूक कितीही लागो, याला हात लावला
की पुढचं साल गेलं. हेच ना?
हेच.
आकृती मी खोडून टाकली.

एकूण पस्तीस. लहानसं पॅनेल,
दोन माणसांत उचलेल अशी बॅटरी.
रेघ मारणार, तोच म्हणाल्या, थांब.
बाहेर पायरीवर एक हवा.
किती तास?
रात्रभर.

तीन वॉट, बारा तास. छत्तीस.
म्हणजे सगळंच दुप्पट, बाई:
पॅनेल दुप्पट, बॅटरी दुप्पट, हप्तेही.
कुणासाठी, पायरीवर?

खाडीपल्याड ओतिलिया असते, एकटी.
तिचा दिवा दिसला की मी निजते.
माझाही तिला दिसायला हवा की नको?
अर्धा तास लावून विझवला तर?
ती कधी उठते, खिडकीशी कधी येते,
मला काय ठाऊक?

मी मागच्याच आठवड्यात ओतिलियाकडे होतो.
तिनं एकच दिवा मागितला,
टेबलावर, उजेड सूपात पडेल असा.
बाहेर नको? मी विचारलं होतं.
पोरा, ती म्हणाली,
मला आता या हातापासून त्या ताटापर्यंतच दिसतं.

पेन्सिल हातात तशीच राहिली.
वॉट गुणिले तास. त्यात गळतीचे थोडे.
सूत्रात बघणाऱ्याला जागाच नाही.
छत्तीस लिहिले.
एकाहत्तर. पॅनेल पाऊणशे वॉटचं,
तोंड उत्तरेला, कारण इथला सूर्य तिकडून जातो,
आणि चांगलं उभं, पाऊस घसरून जाईल असं.

पाच वाजता अंधारून आलं होतं.
आर्तेमिओ नावेपर्यंत सोडायला आला,
चिखलात बूट रुतवत, एक शब्द न बोलता.
दोर सोडताना म्हणाला,
ओतिलियाच्या डोळ्यांचं सांगितलं नाहीस ना हिला?
नाही.
बरं केलंस. दोन मेंढ्या काढतो विकायला.

त्यानं नाव ढकलली.
मी तारेचा विचार करत होतो:
छपरापासून पायरीपर्यंत अकरा मीटर,
बारीक तार चालायची नाही,
वाटेतच उजेड सांडेल.