मधली रात्र

नंदुरबारहून पुखराज टाटियांचं कार्ड आलं:
ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या पेट्यांसकट,
एक्केचाळीस हजार. होय-नाही पत्रानंच कळवा.

तीन दिवस मी गप्प.
फिरके वकील म्हणाले, गप्प म्हणजे होकार नाही,
आणि पंचेचाळीस मागाल तर एक्केचाळीसही जातील.
मग लिहिलं, जसंच्या तसं: मंजूर.
आधी मनात उलटं, खिळे जुळवताना वाचायचो तसं.

अमळनेर टेसणावरच्या लाल पेटीत
पाकीट टप्पकन पडलं
तेव्हाच, म्हणे, पुखराज बांधला गेला.
तिकडे तो झोपलेला, त्याला पत्ताही नाही.
मी मात्र मोकळा,
त्याच्या हाती पडेपर्यंत.

ही कसली गाठ,
एकच टोक आवळलेली?

रात्रभर पत्र पॅसेंजरमध्ये,
दोंडाईचाला मिरचीच्या पोत्यांशेजारी शिंकलं असेल.
मी दुकानात. 'ळ'चा खण उघडला.
अमळनेर, धुळे, पारोळा,
प्रत्येक लग्नपत्रिकेत हाच कमी पडायचा,
शेजारच्या प्रेसमधून उसना आणायचो.
मोजले. सतरा.

सकाळी तारऑफिस.
तार पत्राच्या पुढे पळते, हेही वकिलांनीच सांगितलेलं.
"काय लिखानं से, भाऊ?"
एकच शब्द, म्हटलं.
"एक ऱ्हावो का दहा, पैसा तितलाच."

उरलेले नऊ शब्द शोधत
मी फॉर्म धरून उभा.
भिंतीवर साडेदहा.
नंदुरबारचा पोस्टमन आता
सायकलला टांग मारत असेल.